चार दरवाजे, पाच खिडक्या

आमच्या शाळेत एक लाकडी कपाट आहे. वरच्या फळीवर नकाशे, मधल्या फळीवर प्रयोगाच्या फुटक्या नळ्या आणि तळाशी, कोणा एका रसिक हेडमास्तरांनी मागे ठेवून दिलेले जुने दिवाळी अंक. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन मुलांची हजेरी निम्म्यावर आली की मी त्या अंकांतले एखादे प्रवासवर्णन काढून वर्गात वाचतो. अभ्यासक्रमात ते कुठे बसत नाही हे खरे. पण अशा दिवशी अभ्यासक्रमालाही वर्गात बसवत नाही.

मागच्या श्रावणात ताश्कंदचे एक वर्णन हाती लागले. ते लिहिले गेले तेव्हा ताश्कंद सोव्हिएत उझबेकिस्तानची राजधानी होती. १९९१ पासून ती स्वतंत्र उझबेकिस्तानची आहे. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हे नाव ठाऊक आहे ते एका दुःखद रात्रीमुळे. १० जानेवारी १९६६ रोजी तेथे करारावर सह्या झाल्या आणि ती रात्र उलटण्यापूर्वी लालबहादूर शास्त्रींचे तेथेच निधन झाले. परंतु मुलांना त्या वर्णनातली खाण्याची पानेच अधिक भावली. मोठ्या कढईत गाजर, मांस आणि तांदूळ शिजवून केलेला पलाव. भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेल्या जाड रोट्या. बाजारात रास घालून ठेवलेली खरबुजे. ताश्कंद या शब्दाचा अर्थच मुळी दगडांचे शहर असा आहे, आणि त्या शहराला एके काळी कोट आणि बारा दरवाजे होते, हेही मी माझ्याकडून जोडले.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "गुरुजी, आपली राजधानी कोनती होती जी?"

मी म्हणालो, "मुंबई."

"तसं नाही जी. आपली. दरवाजेवाली."

हा मुलगा अहेरीकडचा, घरी गोंडी बोलणारा. त्याच्या 'आपली' या शब्दाचा अर्थ माझ्या ध्यानात यायला घंटा व्हावी लागली. चाळिशी उलटलेल्या, इतिहास शिकवणाऱ्या आणि कादंबऱ्याही लिहिणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाने असे निरुत्तर व्हावे लागले याची लाज वाटली. कारण उत्तर फार दूर नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावाहून एस. टी. पकडली तर दुपारच्या आत तेथे पोहोचता येते. १९६४ पर्यंत त्या शहराचे नाव चांदा होते, आता चंद्रपूर आहे. आणि १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमची कोर्टकचेरीसुद्धा तेथेच होती. बाप-आजे ज्या गावाला सातबाऱ्यासाठी आणि खटल्यांसाठी गेले, ते गाव आपल्या राजांनी वसवले हे पोरांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाबराची गोष्ट सांगितली. हा बाबर त्या उझबेकी मुलुखातलाच, फरगण्याचा. हिंदुस्थान जिंकल्यावरही त्याला येथे करमेना. येथे चांगली खरबुजे नाहीत म्हणून तो कुरकुर करी, आणि पुढे कोणी काबूलहून खरबूज आणून दिले तेव्हा ते कापून खाताना त्याच्या डोळ्यांना पाणी आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. या बाबराचा नातू अकबर. अकबराच्या राज्याची सगळी मोजदाद अबुल फजलाने 'आईने-अकबरी'त केली, आणि वऱ्हाड सुभ्याचा हिशोब मांडताना त्याने आपल्या चांद्याच्या गोंड राजाचीही नोंद घेतली. राजाचे नाव बाबाजी. पदरी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ. जवळच वैरागड येथे हिऱ्यांची खाण आहे, हेही तो सांगतो. ते वैरागड आज आमच्याच जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात आहे आणि वर्गातल्या एका मुलीचा मामा तेथे राहतो. चाळीस हजारांचे पायदळ ऐकून वर्ग गप्प झाला होता. मामाचे गाव निघताच हसू फुटले.

तेव्हा ठरले की पौषात चांदा पाहायचा. पौषातच, कारण चंद्रपूरचा उन्हाळा हा पाहुण्याने घेण्याचा अनुभव नव्हे.

वैनगंगेचा पूल ओलांडून, सावली आणि मूल मागे टाकून आमची लाल गाडी शहरात शिरली तेव्हा नऊ वाजले होते. बसस्थानकावर उतरताच रिक्षावाल्यांनी घेरले. "तुकूम, तुकूम, चला तुकूम!" हा शब्द वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावा. आज ती शहरातली एक वस्ती आहे; पण माझ्या मते या सबंध राजधानीची किल्ली त्या शब्दात आहे. त्याकडे मी जेवणाच्या वेळी येणार आहे.

आधी न्याहारी. जटपुरा दरवाज्याच्या बाहेर एका गाडीवर मुलांना पोहे दिले. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पोहे कोरडे खाण्याची रीत नाही. वर हरभऱ्याचा लाल, झणझणीत रस्सा पडतो. त्याला तर्री म्हणतात. सोबत आलूबोंडा. तर्रीवाला पोरांकडे बघून म्हणाला, "तिखट झेपंल का?" अहेरीकडच्या पोराने काही न बोलता ताटली पुढे केली, आणि दुसऱ्यांदाही केली.

तोंड पुसत आम्ही दरवाज्याकडे वळलो. चांद्याच्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच लहान वाटा. त्यांना खिडक्या म्हणतात. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी आणि बगड खिडकी. नावे ऐकली की गावाचा दिनक्रमच डोळ्यांपुढे उभा राहतो. देवाला कोठून जायचे, मढे कोठून न्यायचे, आणि ज्याला कोणाच्या नजरेस पडायचे नाही त्याने कोठून निसटायचे, या सर्वांची सोय कोट बांधणाऱ्याने करून ठेवलेली. दरवाज्यावर हत्तीला खाली दाबून उभा असलेला सिंह कोरला आहे. ती गोंड राजांची राजमुद्रा. खालून ट्रक, रिक्षा, सायकली, शाळेची पोरे यांचा लोंढा अखंड चालू असतो आणि त्या गर्दीत मान वर करून सिंहाकडे पाहणारा माणूस म्हणजे हटकून परगावचा.

कोटाचा घेर इंग्रजांच्या वेळच्या ग्रंथांत साडेपाच मैल नोंदला आहे. ताश्कंदचे बाराही दरवाजे गेले, कोट पाडला गेला, आणि १९६६ च्या एप्रिलमध्ये झालेल्या भूकंपाने जुन्या शहराचा मोठा भाग भुईसपाट केला. आमच्या चांद्याचे चारही दरवाजे मात्र उभे आहेत, आणि कोटही पुष्कळसा आहे. त्यावर झाडेझुडपे माजली होती. २०१७ साली येथल्या इको-प्रो नावाच्या संस्थेच्या तरुणांनी सकाळी उठून ती हाताने तोडायला सुरुवात केली आणि महिनोन्‌महिने ते काम चालवले. दगडी शहर हे नाव कोणाला शोभते, हे वाचकांनीच ठरवावे.

हे शहर वसले कसे, याची कथा १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या बंदोबस्त अधिकाऱ्याने जुन्या लोकांकडून ऐकून आपल्या अहवालात उतरवून घेतली. गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती. ते गाव आज तेलंगणात आहे. मग ती वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आली. तेथला राजा खांडक्या बल्लाळशहा अंगभर फोडांनी गांजला होता. एकदा शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यात थोडे पाणी होते. ते त्याने प्याले, हातपाय-तोंड धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणी पाहते तो पाणी लागले तेवढ्या जागच्या फोडी मावळलेल्या. दोघे परत तेथे गेली. गवत-वाळू काढली तेव्हा खडकात गाईच्या पावलांसारखे पाच खळगे पाण्याने भरलेले दिसले. तेच अंचलेश्वराचे स्थान. पुढे तेथेच राजाच्या कुत्र्याच्या मागे ससा लागला. होय, सशाच्या मागे कुत्रा नव्हे. ससा कुत्र्याला गोल गोल पळवत राहिला, शेवटी कुत्र्याने उलटून त्याला मारले. पाहतात तो सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणी म्हणाली, ज्या वाटेने हा पाठलाग झाला त्या वाटेने कोट बांधा.

ससा-कुत्र्याची अशी कथा आपल्या देशात आणखीही काही राजधान्यांबद्दल सांगतात, त्यामुळे सशावर मी फारसा भर देत नाही. पण पाण्याची कथा मला खरी वाटते. म्हणजे फोडी बऱ्या झाल्या की नाही हे मला ठाऊक नाही. परंतु आपली राजधानी कोठे हलवायची हे या राजाने पाणी पाहून ठरवले, आणि त्यात राणीचे ऐकले, एवढे या कथेतून सरळ दिसते. आणि पुढच्या राजांचे वर्तन त्याला साजेसेच आहे.

आता जेवणाकडे वळतो, कारण मुलांना भूक लागली होती आणि मला माझ्या तुकुमाकडे यायचे आहे.

गोल बाजाराजवळच्या एका खाणावळीत बसलो. पाने आली. भात, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. भाकरी मागितली तर मिळाली असती. पण आमची पोरे भातखाऊ. त्यांच्यापुढे वाफाळलेला भात आला की बाकी सर्व गोष्टी तोंडी लावण्याच्या सदरात जातात. मी वाढप्याला विचारले, तांदूळ कोणता? तो म्हणाला, "एच. एम. टी. आहे जी."

मुलांनो, मी म्हटले, हा भात घड्याळाच्या नावाचा आहे. पण घड्याळवाल्याने तो पिकवला नाही. याच चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. तेथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे एक शेतकरी होते. दीडेक एकर जमीन आणि जेमतेम शाळा. १९८३ साली आपल्या बांधीत त्यांना बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या कापणीत मिसळू दिल्या नाहीत. वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षामागून वर्ष त्यातले उत्तम बी निवडत गेले. बारीक, सुवासिक तांदूळ तयार झाला. बाजारात नेला तेव्हा नाव काय द्यावे हा प्रश्न आला. त्या काळी मनगटी घड्याळांत एच. एम. टी. चा बोलबाला, म्हणून तेच नाव पडले. हा तांदूळ पुढे किती तरी राज्यांत गेला. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले. तांदळाला घड्याळाचे नाव राहिले. मला विचाराल तर वैरागडच्या हिऱ्यांपेक्षा या लोंब्या मोलाच्या. खाण कधीच संपली. हा तांदूळ अजून ताटात आहे.

पण बांधीला पाणी हवे, आणि येथेच तुकूम येतो. गोंड राजांनी रयतेला सांगितले की जो जंगल तोडून जमीन वहितीला आणील त्याला ती मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालच्या जमिनीचा हक्क मिळेल. तलावाबद्दल मिळालेल्या या हक्काला तुकूम म्हणत. कोहळी लोक तर तलाव बांधण्यात निष्णात. उताराकडे नुसते पाहून पाणी कोठे अडेल हे सांगणारे. राजाला स्वतःच्या खजिन्यातून प्रत्येक तलावावर पैसा ओतावा लागला नाही. लोकांनी आपापल्या हिताने मुलूख तलावांनी भरून टाकला. पुढे ते तलाव मालगुजारांकडे गेले, मालगुजारी गेल्यावर सरकारी दप्तरात 'माजी मालगुजारी तलाव' झाले आणि लोकांनी त्याची दोन आद्याक्षरे घेऊन 'मामा तलाव' केले. आमच्या शाळेत दर वर्षी एखादे नवे पोर विचारतेच, हा कोणाचा मामा?

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, हा भात राजानंच देल्ला."

मी म्हटले, राजाने पाणी दिले, कोहळ्याने पाळ दिली, आणि दादाजींनी बी दिले. तिने मान हलवली आणि आणखी भात मागितला.

दुपारी अंचलेश्वराला गेलो. देवळाशेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची सर्वांत देखणी. हा राजा अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्याच पदरच्या हिरामण नावाच्या माणसाच्या हातून मारला गेला. राणी हिराईने समाधी बांधली, दत्तक पुत्र रामशहा लहान असल्यामुळे राज्याचा गाडा स्वतः हाकला, आणि महाकालीचे आजचे मंदिरही तिनेच उभारले. पतीची कबर बायकोने बांधल्याची उदाहरणे जगात आहेत; पण ताजमहालाला जेवढे प्रवासी जातात त्यांच्या शतांशानेही येथे येत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा तेथे दोन शेळ्या आणि एक झोपलेला मनुष्य होता.

महाकालीला मात्र गर्दीचा तोटा नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, आणि तेलंगणातून माणसे लोटतात. हे नांदेड गोदावरीकाठचे. दादाजींच्या खेड्याचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. यात्रेकरू झरपटीत स्नान करतात, तीन दगडांची चूल मांडतात, देवीला नैवेद्य रांधतात. चैत्रात रात्री या मैदानात शेकडो चुली पेटलेल्या असतात. राजा गेला, फौज गेली. राणीच्या देवीच्या दारात अजून परमुलखाची माणसे येऊन जेवतात. झरपटीची आजची अवस्था मात्र अशी आहे की फोडी असलेल्या राजाला तिचे पाणी दाखवण्याचे धाडस मी करणार नाही.

लालपेठेच्या अखंड दगडी मूर्ती धावत्या पाहिल्या. एका वैश्याला प्रचंड देऊळ बांधायचे होते; ते राहून गेले आणि मूर्ती उघड्यावर पडून राहिल्या. दहा तोंडांच्या देवीला लोक रावण म्हणतात. देवीने ते अद्याप मनावर घेतलेले नाही.

राहिला राजवाडा. आणि येथे माझी पावले जड झाली, कारण काय पाहायचे आहे हे मला ठाऊक होते आणि मुलांना नव्हते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि शेवटचा राजा नीळकंठशहा कैदेत पडला. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या तोफांनी कोटाला खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांचा झाला. गोंड राजांचा जो आतला किल्ला होता, त्यात इंग्रजांनी तुरुंग केला. आज तेथेच जिल्हा कारागृह आहे. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो.

"राजवाडा हाच का जी?" अहेरीकडच्या पोराने विचारले.

"हाच."

मग मी त्यांना बाबुराव शेडमाके यांची हकीकत सांगितली. अहेरीकडच्या मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार. १८५८ मध्ये त्यांनी गोंड, माडिया, रोहिले जमवून इंग्रजांशी झुंज घेतली. शेवटी पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच भिंतींच्या आत त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस. आतला पिंपळ अजून दाखवतात. दर वर्षी त्या दिवशी लोक येथे फुले वाहायला येतात. ज्या वाड्यातून त्यांच्या पूर्वजांच्या राजांनी मुलूख चालवला, त्याच वाड्यात त्यांना कैदी म्हणून आणले गेले.

मुले काही बोलली नाहीत. पहारेकऱ्याने आमच्याकडे दोनदा पाहिले, तेव्हा आम्ही निघालो.

गाडीला अवकाश होता म्हणून गोल बाजारात फिरलो. बाजाराच्या कडेला, पक्क्या दुकानांच्या सावलीत, खेड्यांतून आलेल्या बायका फडकी पसरून बसल्या होत्या. तलावातले शिंगाडे, बोरे, वाळवलेली लाखोळीची भाजी, वाळके मोहफूल. पावसाळ्यात यांच्याच पुढ्यात बांबूचे कोंब असतात, आम्ही त्यांना वास्ते म्हणतो; आणि जंगलातल्या सात्या, म्हणजे छत्र्या, सोन्याच्या भावाने विकल्या जातात. ताश्कंदच्या बाजारातली खरबुजांची रास मुले पार विसरली होती. मी शिंगाड्यांचा भाव विचारला. म्हातारीने सांगितला. मी मास्तरी सवयीने तो कमी करायला सांगितला. तिने नकार दिला.

तेवढ्यात अहेरीकडचा पोरगा पुढे झाला आणि उकिडवा बसून तिच्याशी गोंडीत बोलू लागला. मला त्यातला 'येर' एवढाच शब्द कळला. येर म्हणजे पाणी, हे त्यानेच मला मागे शिकवले होते. म्हातारी हसली. तिने काही विचारले, त्याने गावाचे नाव सांगितले. तिने आणखी विचारले, त्याने कूळ सांगितले. मग त्याने हात लांब करून जटपुऱ्याच्या दिशेने, मग कारागृहाच्या दिशेने दाखवले आणि बराच वेळ सांगत राहिला. काय सांगत होता ते मी विचारले नाही. म्हातारी ऐकत होती. मध्येच एका गिऱ्हाइकाला तिने हातानेच थांबवले.

उठताना तिने दोन ओंजळी शिंगाडे त्याच्या पिशवीत टाकले. मी पैसे पुढे केले. तिने माझ्याकडून दोन्ही ओंजळींचे पुरते पैसे घेतले आणि वर आणखी एक मूठ त्याच्या खिशात कोंबली.

गाडीत तो खिडकीशी बसला होता. मूल गेले, सावली गेली, वैनगंगेचा पूल आला तेव्हा अंधार पडला होता. पिशवीतले शिंगाडे त्याने सगळ्यांना वाटले. खिशातले तो एकटाच सोलून खात होता.